चित्रातली नथ

"पोलिसांत जाण्याआधी तुम्ही एकदा बघा. पण काम कुसाबाईचंच आहे," पल्लवी म्हणाली.

देवळाली कॅम्पातल्या त्या घरात मंजुषाताई खुर्चीवर टेकल्या. सोमवारचा उपास, त्यात ऊन. लोकांच्या घरातले संशय उपसण्याचा आताशा त्यांना शीण येई. त्यांचा मदतनीस ललित मात्र भिंग काढून तयार होता.

समोर जुनं तैलचित्र. परकर-पोलकं घातलेलं तान्हेपण सरलेलं मूल. परकराच्या वर काळा करदोडा डोकावत होता. उजव्या नाकपुडीवरची सोनेरी नथ कुणीतरी खरवडून काढली होती. गालावर ओरखडाही नव्हता.

"ही आजेसासऱ्यांची बहीण असणार," पल्लवी म्हणाली. "गिऱ्हाईक ठरलं, म्हणून काल चित्र उतरवून आजोबांच्या पलंगाला टेकवून ठेवलं. सकाळी हे असं! त्या खोलीत झोपते कुसाबाई. तिला आजच काढते."

आजोबांची देखभाल करणारी कुसाबाई दारातच उभी होती.

"मी कशाला खरवडू, ताई? मला हितून काढलं तर या वयात कोण ठेवील? रातच्याला डोळा लागला, एवढंच. सकाळपासून आजोबा बी लय हट्टाला पेटलेत. हात धुऊ देत नाय, मूठ उघडत नाय."

पल्लवीचा दीर अश्विन चिडूनच आला. "चित्र विकू नका म्हणणारा मी. मीच ते खराब करीन होय? आणि करायचंच असतं तर सुरी फिरवली असती!"

"हाच असेल," ललित कुजबुजला.

"उगी रे," म्हणत मंजुषाताई आतल्या खोलीत गेल्या.

नव्वदी ओलांडलेले फकिराआजोबा उशीला टेकून बसले होते.

"बरं वाटतं ना, आजोबा?"

"कसलं बरं! माझ्या आधीचे भाऊ पाळण्यातच गेले. बायको गेली, लेक गेला. मला मात्र कुणी ओळखतच नाही." मिटलेल्या मुठीनं त्यांनी उजवी नाकपुडी चोळली. तिथे बारीक खळगा होता.

मंजुषाताईंनी सगळ्यांना आत बोलावलं.

"चित्रात मुलगी नाहीच. आपल्याकडे मुलींची नथ डावीकडे. ही उजवीकडे, आणि कमरेला करदोडा. मुलगे जगत नसले की पुढच्याला परकर नेसवायचे, उजवं नाक टोचायचे, नावही टाकाऊ ठेवायचे. फकिरा! मुलगा आहे हे काळाला कळू नये म्हणून."

"म्हणजे आजोबाच!" ललित म्हणाला. "पण मग खरवडलं कुणी?"

"राग असता तर चेहरा फाटला असता. इथे फक्त नथ नको होती. चित्र पलंगाशी, हाताच्या अंतरावर. आणि सकाळपासून मूठ मिटलेली." त्या पलंगाशी वाकल्या. "आजोबा, दाखवता?"

बोटं उघडली. तळव्यावर, नखांत सोनेरी रंगाचे कण.

"आईनं लपवलं," आजोबा हळूच म्हणाले. "तिनं बरंच केलं. पण काळ फसला तो फसलाच. म्हटलं, आता तरी ओळखू दे."

पल्लवी दाराकडे वळून म्हणाली, "कुसाबाई, चुकलं माझं. आणि चित्र आता इथेच राहील."

कुसाबाईनं डोळे पुसले, तसराळं पुढे ओढलं आणि तो हात पाण्यात धरला.

"येईल तो यायचा तवा," ती करवादली. "आधी पेज प्या."