भुकेला कोळसा

तिची माझी पहिली भेट बॉयलर हाउसच्या दारात झाली, आणि ती सुरू झाली तिच्या ओरडण्यानं.

"तो डबा! हात लावू नका त्याला!"

मी कशाला हात लावतोय? डबा वाटेत ठेवलेला, मी अडखळलो होतो. बाहेर भुरभुर पाऊस होता. तिच्या चष्म्यावर थेंब होते, आणि ते पुसायचं सोडून ती डबा पुसत होती.

"कोळसाच आहे ना?" मी म्हटलं. "माझ्याकडे ढीगभर पडलाय."

"तुमचा जाळायचा. हा खाणारा आहे."

"काय खातो?"

"तुमचा धूर."

आज ती नाही. पण ही गोष्ट आठवली की मला रडू येत नाही, हसू येतं. म्हणून हीच सांगतो.

मी त्या कारखान्यात बॉयलर चालवायचो. ती प्रयोगशाळेतून आली होती. बॉयलरच्या धुरात नायट्रोजनचे विषारी वायू असतात, ते माणसाच्या छातीत जातात. तिनं कोळशाचे दाणे तांब्याच्या क्षारात भिजवून, भाजून असे तयार केले होते की ते हे वायू धरून ठेवत. चिमणीकडे जाणाऱ्या नळीतून थोडा धूर घ्यायचा, तो दाण्यांतून सोडायचा, आणि आधी-नंतर मीटर बघायचा. त्यासाठी तिला बॉयलरशेजारची छोटी खोली दिली होती.

आल्या आल्या तिनं नियम सांगितला. कोळशाजवळ सिगारेट नाही, रंग नाही, वासाचं काहीच नाही.

"हा भुकेला आहे. समोर येईल ते खातो. पोट भरलं की धुराला जागा उरत नाही."

दुसऱ्या दिवशी मी केसांना तेल न लावता गेलो. तिनं बघितलं.

"केस का उभे आहेत तुमचे?"

"तेल सोडलं. तुमच्यासाठी."

"कोळशासाठी सोडलंत."

"तेच ते."

ती वळली, पण मान खाली घालून हसत होती... मला दिसलं.

सुरुवातीला मीटरचा काटा झपकन खाली यायचा. ती टाळी वाजवायची, मीही वाजवायचो. मग काय झालं कोण जाणे, काटा रोज थोडा कमी उतरू लागला. तिनं नळ्या तपासल्या, मीटर बदलून पाहिला. मी आग एकसारखी ठेवली. काही उपयोग नाही. शेवटी तिचे साहेब स्वतः आले. त्यांच्यासमोर धूर सोडला, तर काटा जागचा हलेना.

"गुंडाळा," साहेब म्हणाले. "यंत्र परत पाठवा. तुम्हीही परत या."

परत म्हणजे दुसऱ्या गावी. मी उगाच झडपेचं चाक पुसत राहिलो. स्वच्छच होतं ते.

"साहेब, एकदा कोळसा तापवून बघू द्या," ती म्हणाली. "पोटात दुसरं काही असलं तर बाहेर पडेल."

तिनं दाणे तिच्या छोट्या विजेच्या भट्टीत ठेवले. आम्ही तिघं त्या छोट्या खोलीत उभे होतो. थोड्या वेळानं साहेबांनी नाक वर केलं. मीही हुंगलं. तेलाच्या, राखेच्या त्या जागेत जाईचा वास येत होता... आधी पुसट, मग चांगलाच.

"बॉयलर हाउसमध्ये जाई?" साहेब गरजले. "अत्तर कोण लावतं इथं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल झाली होती.

"मी, साहेब," मी म्हटलं.

"तुम्ही? जाईचं?"

"कधीमधी... आवडतं मला."

"शुद्ध मूर्खपणा! ह्या माणसाला कोळशाजवळ फिरकू देऊ नका. मी तुमच्या मॅनेजरशी बोलतो—"

"खोटं बोलतायत ते," ती म्हणाली. "अत्तर माझं आहे. ताईनं दिलेलं. सकाळी आले की इथंच लावायचे. कोळशाचं ताट उघडं असायचं... माझ्या डोक्यातच आलं नाही."

"नियम तुमचा! मग एवढं काय अडलं होतं अत्तरावाचून?"

तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्यांना वास यावा म्हणून. पण मेला एकदाही आला नाही ह्यांना!"

साहेब तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

"येणार कसा?" ते म्हणाले. "सगळा कोळशानं खाल्ला."

दाणे निवल्यावर पुन्हा धूर सोडला. काटा थरथरला, आणि सुरुवातीसारखाच झपकन खाली आला. साहेबांनी छत्री उचलली. "यंत्र राहू दे. तुम्हीही राहा. अत्तर घरी राहू दे," म्हणाले, आणि दार ओढून घेऊन गेले.

आम्ही दोघंच उरलो.

"खोटं का बोललात?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

"मग नाही जात."

"अहो..." एवढंच म्हणालो.

"अहो मी म्हणायचं. तुम्ही अगं म्हणा."

मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "बॉयलर चालू आहे. मोठ्यानं म्हणा."

मी मोठ्यानं म्हटलं.