न थरथरणारा हात

फर्निचरच्या त्या कारखान्यात डॉक्टरबाई वर्षातून एकदा कामगारांची तपासणी करायला यायच्या, आणि पॉलिश खात्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवायच्या. सुताराचं बोट कापलं तर निदान दिसतं तरी. पॉलिशवाल्याचं जे जातं ते आतून जातं. थिनरची वाफ नाकात शिरली की थेट मेंदू गाठते. आधी डोकं हलकं होतं, उगाच हसू येतं, मग जीभ जड होते, मग झोप. दारूसारखंच सगळं, फक्त फुकटात. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की नसांवरचं चरबीचं अस्तर विरत जातं, हात कापायला लागतात आणि माणूस सपाट फरशीवर झोकांड्या खातो. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खोलीच्या खिडक्या कायम बंद. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यासाठी बाईंनी तीन अर्ज दिले होते. मालकांनी तिन्ही जपून ठेवले होते.

चार वर्षांत बाईंनी पाच जणांना घरी बसवलं होतं. पॉलिशचे मिस्त्री मात्र चाळीस वर्षं त्याच खोलीत होते.

"मास्क कुठाय, मिस्त्री?"

"खुंटीला. थर वाळला की नाही ते मला वासावरून कळतं, मॅडम. नाक बांधून कसं कळणार?"

"असंच म्हणत म्हणत पाच जण घरी गेले."

"मला नका पाठवू. हे काम सुटलं तर मी करू काय दिवसभर?" ते हसत म्हणाले, पण नजर बाईंच्या पेनावर होती.

बाईंना त्यांचं भारी कौतुक होतं. कापसाचा बोळा हातात घेऊन मिस्त्री फळीवरून एकदा असा फिरवायचे, की लाकडाच्या रेषा पाण्याखाली गेल्यासारख्या दिसायच्या. मध्ये कुठे थांबल्याची खूण नाही, ओघळ नाही. असा हात बाईंनी शस्त्रक्रिया करणाऱ्यांचाही पाहिला नव्हता.

"डोळे मिटा. हात पुढे."

मिस्त्रींनी हात पसरले. बाईंनी त्यांच्या बोटांवर एक कागद ठेवला. कंप असेल तर कागद लगेच फडफडतो. हा ढिम्म हलला नाही. बाई खूश झाल्या, आणि तेवढ्यात त्यांची नजर मिस्त्रींच्या मागे गेली.

तिथे नुकतंच पॉलिश झालेलं कपाटाचं दार उभं होतं, आरशासारखं. त्यातले मिस्त्री पाय फाकवून, तोल सावरत उभे होते. त्यांची बोटं कापत होती. त्यांच्या हातावरचा कागद घसरला आणि खाली पडला.

बाईंनी समोर पाहिलं. कागद जागेवर होता.

"दिसलं ना?" मिस्त्री डोळे न उघडता हळूच म्हणाले. "आधी नुसती बोटं हलायची. आता त्याला उभंही राहवत नाही."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. मॅडम, सही करताय ना?"

मिस्त्रींच्या सगळ्या चाचण्या चोख होत्या, आणि तपासणीच्या कागदावर कपाटाच्या दारासाठी रकाना नव्हता. शिवाय असला हात आपण बंद पाडायचा, हे त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी 'कामास योग्य' असं लिहिलं आणि सही केली.

पुढच्या वर्षी खिडक्या तशाच बंद होत्या. भिंतीला टेकून नुकतंच पॉलिश झालेलं एक नवं कपाट उभं होतं. मिस्त्रींनी हात पसरले, बाईंनी कागद ठेवला. कागद हलला नाही. बाईंना इतका आनंद झाला की त्यांचा त्यांनाच संकोच वाटला.

मग त्यांनी धीर करून कपाटाच्या चकचकीत दारात पाहिलं.

खिडकी दिसत होती. खुंटीवरचा मास्क दिसत होता. त्या स्वतः दिसत होत्या.

मिस्त्री नव्हते.

"गेला," मिस्त्री म्हणाले. "सहा महिने झाले. पण हात बघा, मॅडम. अजून तसाच."

खरंच तसाच होता.

बाईंनी मान खाली घालून सही केली. सही नेहमीसारखी सरळ आली. पेनाला टोपण लावताना त्यांनी सहज वर पाहिलं.

कपाटातल्या बाईंच्या हातातून पेन पडलं होतं, आणि त्या कापत्या बोटांनी ते उचलायची धडपड करत होत्या.