पाठकानी

पाठकानी घोडा उभा असतानाही पळत असतो, असं नीराकाठच्या घोड्यांच्या पैदास केंद्रात गमतीनं म्हणत. लांब पाय, रुंद नाकपुड्या आणि सदा मागे वळलेले कान. गेली पंधरा वर्षं देशातली एकही मोठी शर्यत या जातीनं सोडली नव्हती. तिथला घोडे राखणारा जुना मोतद्दार सोपान खोमणे आज मात्र केंद्राच्या डॉ. केतकी बर्वेंकडे घोड्यासाठी आला नव्हता.

त्याची बारा दिवसांची नात, लेकीची लेक, धुरी दिली की काळीनिळी पडत होती. एरवी पोर ठणठणीत. शेगडीत नुसता कोळसा असला तर काही नाही; बाळंतशेपा टाकल्या की अंग ताठ, डोळे पांढरे. परवा तर श्वासच अडकला होता.

बाळंतशेपांचं नाव ऐकताच बाईंनी हातातली वही बाजूला ठेवली. पाठकानी जात त्यांनीच घडवली होती. मूळ घोड्याला सोळा दिवस एक वास द्यायचा आणि लगेच विजेचा झटका. भीतीनं जनुकं बदलत नाहीत, पण त्यांच्यावर खूण उमटते आणि बीजातून पुढच्या पिढीत उतरते. या खुणेला बाई ‘भयमुद्रा’ म्हणत. शिंगराला झटका कधीच बसत नाही, तरी तो वास आला की ते जीव घेऊन पळतं. शर्यत सुटताना मागून त्या वासाची एक फुंकर पुरे. तबेल्यात कधी येणार नाही असा वास हवा म्हणून त्यांनी बाळंतशेपा निवडल्या. बाळंतिणीची खोली काही त्यांच्या डोक्यात आली नाही.

“झटके देताना घोडा कडीला बांधायला सांगितला होता मी.”

“बांधला न्हवता, बाई. म्या धरला हुता.”

घाबरलेलं जनावर मोतद्दारानं सोडायचं नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. लोखंडी साखळी त्यानं उघड्या हातानं धरली होती. सोळाही दिवस प्रत्येक झटका त्यालाही बसला होता. लाजेपोटी तो कुणाला बोलला नाही.

नातीची आई कधी जन्मली, बाईंनी विचारलं. त्या झटक्यांच्या पुढल्याच वर्षी, तो म्हणाला. तिलाही धुरी सोसली नव्हती, म्हणून तेव्हा बंद केली होती. शाळेत तिला धावण्यात कुणी गाठू शकलं नव्हतं.

ही खूण पुसता येते का, सोपाननं विचारलं. घोड्यांत पाच पिढ्या झाल्या, बाई म्हणाल्या, उलट ती गडदच होत गेली. शेपा घरात आणू नका.

मग त्यांनी वही पुढे ओढली.

“सोपान, नात चालायला लागली की मला लगेच कळवा.”

शिंगरू जन्मलं की बाई याच आवाजात बोलत.