पडद्याबाहेरची पावलं

सिनेमात एखादा माणूस चालताना दिसतो, तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. शूटिंगच्या गोंगाटात ती नीट टिपली जात नाहीत. मग नंतर बंद खोलीत दुसराच कुणीतरी पडद्याकडे डोळे लावून, त्याच्या पायाशी पाय जुळवून चालतो आणि तो आवाज चित्राला जोडला जातो. मास्तर तीस वर्षं हेच काम करत होते. राजे, चोर, नवऱ्या, म्हातारे, सगळ्यांसाठी ते चालले होते, आणि त्यांचं तोंड मात्र एकाही प्रेक्षकानं पाहिलं नव्हतं.

खोली तळमजल्यावर होती. खिडकी नाही, भिंतींना जाड करडं कापड. जमिनीवर चार चौकोन: लाकूड, फरशी, खडी, वाळू. मागच्या कपाटात बुटांचे त्रेसष्ट जोड. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत ती बसायची. रेकॉर्डिंग तीच करायची आणि कापाकापीही तीच. म्हणून मास्तरांनी तिचं नाव ठेवलं होतं कात्री.

नावामागे एक जुनं भांडण होतं. पडद्यावरचा माणूस चौकटीबाहेर गेला तरी मास्तर थांबायचे नाहीत. चार पावलं, कधी सहा पावलं पुढे चालायचे.

"अहो मास्तर, माणूस गेला की!" ती माईकवरून ओरडायची.

"दिसेनासा झाला म्हणून काय चालायचा थांबला? बिचाऱ्याला घरी नको का जायला?"

"जाऊ दे ना खुशाल. माझी जागा कशाला अडवतोय?" असं म्हणून ती ती पावलं कापून टाकायची. अकरा वर्षं रोज. मास्तर रोज नव्यानं चिडायचे, आणि चहा आला की विसरायचे.

मंगळवारी दुपारी ते स्टुलावर बसले. एक बूट पायात, दुसरा हातात. नाडी बांधायला वाकले ते वर आलेच नाहीत. कात्रीला वाटलं, गाठ बसत नसेल. "एवढ्या वेळात माझं लग्न लागलं असतं हो," ती म्हणाली. उत्तर आलं नाही, तेव्हा ती काचेपलीकडून धावली.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, कळलंही नसेल. कात्रीला त्या वाक्याचा भयंकर राग आला. न कळता जायला मास्तर काय दिव्यातली वात होते? हातात अर्धं काम होतं त्यांच्या!

अर्धं नव्हे, एक नवमांश. सिनेमाची नऊ रिळं, आठ झालेली. नवव्यात गोष्टीतला म्हातारा शिक्षक घर सोडतो आणि खडीच्या रस्त्यानं चौकटीबाहेर निघून जातो. अकरा पावलं. बस्स, तेवढंच राहिलं होतं.

सोमवारी दिग्दर्शक आला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या मागे तारीख लागली होती.

"ताई, समजून घ्या. शेवटचं रीळ तयार पावलांनी करू. संगणकात हजार प्रकार असतात."

"जुळणार नाहीत. मास्तरांचा डावा पाय जरा घासत पडायचा. आठ रिळं म्हातारा तसाच चाललाय."

"म्हणूनच म्हणतो, आठही बदलू. सगळं एकसारखं होईल."

कात्री खुर्चीतून उठली. म्हणजे शेवटचं एक काम, तेही पुसून टाकायचं. माणूस गेला तो गेला, वर त्याचं चालणंही न्यायचं!

"शुक्रवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "नववं रीळ मास्तरांच्याच बुटांत होईल. नाही जुळलं तर आठच्या आठ मी स्वतःच्या हातानं पुसेन."

"पण चालणार कोण?"

"मी."

दिग्दर्शकानं तिच्या पायांकडे पाहिलं. काही बोलला नाही, हे त्याचं नशीब.

मंगळवारी सकाळी तिनं कपाटातून मास्तरांचे ते तपकिरी बूट काढले. पुढे चिंध्या कोंबल्या, कारण बूट दोन मापं मोठे होते. रेकॉर्डिंग चालू केलं, धावत काचेला वळसा घालून खडीवर उभी राहिली आणि म्हाताऱ्याबरोबर चालली. अकरा पावलं. चौकटीबाहेर गेल्याबरोबर थांबली. कापणाऱ्या बाईची सवय, अर्धं पाऊल जास्त नाही.

आत येऊन ऐकलं. तिची पावलं भिकार होती. बदकाला बूट घालावेत तशी. ती स्वतःशीच हसली आणि बंद करायला हात पुढे केला.

अकरा झाली. मग बारावं पाऊल पडलं. तेरावं. डावा पाय जरा घासत.

तिनं हात मागे घेतला. आधीचा तुकडा चुकून राहिला असणार. तिनं शोधलं. रेकॉर्डिंगची पट्टी नवी कोरी होती, आत्ताच उघडलेली. दुसऱ्या माईकवर पाहिलं. तिथेही तेच, फक्त थोडं दुरून. ती घाबरली असं म्हणणं खोटं ठरेल. तिनं तारा तपासल्या, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि दुसऱ्यांदा चालली. चालून झाल्यावर खडीवर श्वास रोखून उभी राहिली. खोलीत हूं की चूं नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये आता सात जादा पावलं होती. खडी संपून लाकूड लागलं होतं.

ती पुन्हा पुन्हा चालली, आणि दर रेकॉर्डिंगमध्ये पुढे सरकत दुपारपर्यंत ती पावलं दारापर्यंत गेली. जाड दार उघडताना होतो तो हवेचा हलका आवाज आला आणि पुढे बाहेरच्या लांब वाटेवर पावलं बारीक होत गेली. दार सबंध दिवस आतून बंद होतं. कडी तिनंच घातली होती.

बुधवारी वहिनी, मास्तरांची बायको, आल्या, त्यांचा चष्मा आणि डबा न्यायला. त्यांना ऐकवावं की नाही, कात्रीला ठरवता येईना. पण वहिनींनी तिचं तोंड पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्याच.

"काय लपवतेयस?"

तिनं ऐकवलं. वहिनी मान खाली घालून ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत. पुन्हा लाव म्हणाल्या. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी कानांवरचा हेडफोन काढला.

"त्यांचंच आहे. पण असे कुठे चाललेत गं?"

"असे म्हणजे?"

"बाजारात मी मागे राहायचे नेहमी. कुणासाठी कधी चाल बदलली नाही त्यांनी." वहिनींनी हेडफोनकडे बोट दाखवलं. "हे कुणाच्या तरी बरोबरीनं चाललेत."

मग वहिनींनी चष्मा पिशवीत टाकला आणि दाराशी जाऊन वळल्या. "अर्धं काम टाकून जायचे नाहीत ते. विचार त्यांना."

त्या गेल्यावर कात्री खूप रडली. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. रडून झाल्यावर मात्र तिचा पारा चढला. गुरुवारी सकाळी आल्याआल्या तिनं रेकॉर्डिंग चालू केलं, खडीवर उभी राहिली आणि माईकला तोंड लावलं. पूर्वी ती मास्तरांवर ओरडायची, अगदी त्याच आवाजात बोलली.

"मास्तर, परत फिरा. नववं रीळ बाकी आहे. अकरा वर्षं तुमची पावलं कापली, चुकलं माझं. ह्या वेळी नाही कापणार. आणि बरोबर जे कोणी असेल त्यांनाही सांगते, माझा माणूस असा कामातून उठवून न्यायचा नाही. विचारून न्यायचं. आधी काम होऊ दे."

एवढं बोलून ती स्टुलावर बसली. दहा मिनिटं काहीच झालं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग ती आत गेली आणि ऐकायला बसली. स्वतःचा चढलेला आवाज. स्टूल करकरलं. शांतता. तिनं आवाज पूर्ण वाढवला.

चौथ्या मिनिटाला, खूप दूर, पावलं. डावा घासत. जवळ येत होती.

ती उठून उभी राहिली. "आले," ती मोठ्यानं म्हणाली. "आले की नाही!" तिला हसू आवरेना.

लांब वाट संपली. दार. लाकूड. खडी. माईकसमोर येऊन मास्तर थांबले. खडीवर त्यांनी वजन ह्या पायावरून त्या पायावर घेतलं. चालण्याआधी नेहमी घ्यायचे तसं.

आणि मग दारातून दुसरी पावलं आली.

सावकाश. एकसारखी. कसलीच घाई नसलेली.

तिनं तो भाग पाच वेळा ऐकला. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. पाचव्या वेळी कळलं. लाकूड वेगळं वाजतं, खडी वेगळी वाजते. अकरा वर्षांत तिनं दुसरं काही ऐकलंच नव्हतं. दोन्ही माईक ताडून जागा कळत होती: ही पावलं लाकडावर पडली, फरशीवर पडली, वाळूवर पडली, खडीवर पडली.

आवाज सगळीकडे एकच होता.

क्षणभर वाटलं, सगळं पुसावं, दिग्दर्शकाला फोन करावा, तयार पावलं लाव बाबा म्हणावं. मग तिला स्टुलावर वाकलेली ती पाठ आठवली.

"बरं," काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीला ती म्हणाली. "आलात तर थांबा. उभे राहा, नाहीतर बसा. पण मधे यायचं नाही."

शुक्रवारी नऊ वाजता ती शेवटचं चालली. बूट आज सैल वाटत नव्हते. पाय आपोआप पडत होते. अकरा पावलं झाली, म्हातारा चौकटीबाहेर गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती थांबली नाही. सात पावलं पुढे गेली.

अकरा वाजता दिग्दर्शक आला. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"हे आधीचं जपून ठेवलेलं आहे का?"

"आज सकाळचं आहे."

"कुणी केलं?"

"मास्तरांनी."

दिग्दर्शकाला वाटलं, बाई दुःखानं बोलतेय. तो हळू आवाजात म्हणाला, "अप्रतिम आहे. आठही रिळं तशीच ठेवू. फक्त पडदा काळा झाल्यावरची ती सात पावलं तेवढी कापा."

"नाही."

"ताई, पडद्यावर कुणीच नाहीये!"

"दिसेनासा झाला म्हणून चालायचा थांबला? त्याला घरी जायचंय. एक पाऊल कापलंत तर मी गेले, आणि रीळ घेऊन जाईन."

दिग्दर्शकानं तिच्याकडे पाहिलं आणि वाद सोडून दिला. सिनेमात ती सात पावलं आजही आहेत. तिथे लोक खुर्चीतून उठत नाहीत, असं वहिनी सांगतात. त्या सहा वेळा पाहून आल्या.

दिग्दर्शक गेल्यावर कात्रीनं सकाळचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. सात पावलांनंतर मास्तर पुढे निघाले होते. लाकूड, दार, बाहेरची वाट. ह्या वेळी कुणाच्या बरोबरीनं नाही. आपल्या चालीनं, एकटे, रमतगमत. डावा पाय जरासुद्धा घासत नव्हता. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. "जा मास्तर," ती म्हणाली. "जपून."

नंतर तिनं दुसऱ्या पावलांसाठी कान लावले. तासभर ऐकलं. दुसऱ्या दिवशीचं ऐकलं, त्या आठवड्याचं ऐकलं.

कात्री आजही तिथेच काम करते. आता चालतेही तीच. एक सिनेमा संपायच्या आत दुसरा घेते, सुट्टी म्हणून घेत नाही. वहिनी रागावतात, जरा दम खा म्हणतात. ती म्हणते, "हातात काम आहे तोवर बरं आहे, वहिनी." सकाळी खोलीत शिरताना ती कोपऱ्यातल्या स्टुलाकडे न बघता, ठणकावून सांगते, "अजून झालेलं नाही हं."

गुरुवारचं ते रेकॉर्डिंग तिनं जपून ठेवलंय. त्यात ती पावलं दारातून आत येतात. बाहेर जाताना ती अजून कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलेली नाहीत.