भरलेली टाकी, कोरडी आळी

पाणी सोडणाऱ्या अबू दैफल्लाची बायको सकाळी सकाळीच इतिदालच्या दारात येऊन बसली. चहा घेतला नाही. मरमियाची सुगंधी पानं घातलेला चहा नाकारला, म्हणजे प्रकरण फार वाईट!

"खाला, माझ्या नवऱ्याला चोर म्हणतात. उद्या पोलिसात देणार. आणि हा माणूस तोंड उघडेल तर शपथ!"

इतिदालनं तीस वर्षं अजलूनच्या डोंगरात घरोघरी पाण्याचे मीटर वाचलेले. कान असे तिखट, की नळ खाकरायच्या आधीच तिला पाण्याची चाहूल लागायची. आता गावाची ही खाला, म्हणजे मावशी, लोकांची कोडी सोडवायची. सोबतीला भाऊ फव्वाज, निवृत्त हवालदार. त्यालाही कोडी सुटायची, पण आठवडाभरानं.

दोघं पाण्याच्या कचेरीत गेली. इंजिनिअर मुहन्नद कडक इस्त्रीच्या शर्टात संगणकाच्या पडद्यासमोर बसला होता.

"टाकीच्या तोंडाशी सेन्सर बसवलाय, खाला. तो खाली आवाज सोडतो. आवाज पाण्यावर आपटून किती वेळात परत येतो, त्यावरून पाणी किती ते कळतं. कमी झालं की पंप आपोआप सुरू. हे बघा, ब्याण्णव टक्के! टाकी भरलेली, आणि वरची आळी सलग दोन आठवडे कोरडी. मधे एकच व्हॉल्व्ह, त्याची चावी अबू दैफल्लाकडे. लोकांनी टँकर घ्यावेत म्हणून टँकरवाल्यांकडून पैसे खाऊन त्यानं तो उघडलाच नाही."

"कधीपासून ब्याण्णव?"

"तीन आठवडे. एक टक्कासुद्धा हललं नाही!" मुहन्नदला अभिमान वाटत होता.

"तीन आठवड्यांपूर्वी पाण्याच्या पाळीला आळीत पाणी आलं होतं ना? त्या दिवशीही ब्याण्णव?"

"त्या दिवशीही."

"वर चढून कोणी पाहिलं?"

"मग यंत्र कशाला बसवलं, खाला? पूर्वी अबू दैफल्ला रोज काठीनं टाकी ठोकून बघायचा. आम्हीच बंद केलं ते."

फव्वाज बाहेर येऊन म्हणाला, "चावी त्याचीच. सरळ आहे."

"तुझं डोकंही सरळच आहे, रिकाम्या नळीसारखं. चल."

अबू दैफल्ला घरी जपमाळ ओढत बसला होता. "व्हॉल्व्ह उघडला. पाणी आलं नाही. झालं."

"टाकीवर कोणी जातं का रे?"

जपमाळ थांबली. "ते मला विचारू नका, खाला." त्यानं खिडकीकडे पाहिलं आणि चटकन मान वळवली.

खिडकीतून टाकी दिसत होती. टाकीखाली एकच घर, उम्म यझनचं, म्हणजे यझनच्या आईचं. यझन तिचा एकुलता एक, सात वर्षांचा. मागच्या जर्दाळूच्या हंगामात तो टाकीत पडला. झाकण गंजून गेलं होतं. पोरगं गेलं, तरी गाव तिला त्याच्याच नावानं हाक मारत होतं. दुसरं नाव कुठून आणायचं?

तिच्या अंगणात कोंबड्या मोकाट. एकीनं फव्वाजच्या पोटरीला चोच मारली. तो असा ओरडला, की पाऊण इर्बिद शहराला ऐकू गेलं म्हणतात.

"खुराड्याचं दार कुठं गेलं गं?" इतिदालनं विचारलं. "कोल्हा नेईल सगळ्या."

"नेऊ दे."

"बोटांवर हे वण कसले?"

"तार लागली."

"टाकीचं झाकण बसवलं का कचेरीनं?"

"तीन अर्ज केले, खाला. यादीत आहे म्हणतात."

इतिदालनं तिचा हात थोडा वेळ हातात धरला. मग निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं. मुहन्नदच्या हातात काठी दिली. "ठोक."

टाकी ढणढणली. रिकामी!

मुहन्नदचा चेहरा उतरला. "पण ब्याण्णव..."

"पाण्याचा आकडा हलतो, बाळा. पाळीच्या दिवशी अख्खी आळी प्याली, तरी तुझा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे तुझा आवाज पाण्यापर्यंत पोचतच नव्हता. मधे कशावर तरी आपटून परत येत होता. त्या पाळीला टाकी रिकामी झाली. यंत्राला ती भरलेलीच वाटली, म्हणून पंप सुरू झाला नाही. ह्यानं व्हॉल्व्ह उघडला, पण येणार काय? वारा?"

"मधे काय आहे?" फव्वाजनं विचारलं.

"खुराड्याचं फळ्यांचं दार. तोंडाच्या आत हातभर खाली, तारेनं आवळून बांधलेलं. झाकण येईना, म्हणून एका आईनं बांधलं. दुसऱ्या कुणाचं पोर पडू नये म्हणून." ती अबू दैफल्लाकडे वळली. "तू तिला चढताना पाहिलं होतंस."

"पाहिलं होतं," तो म्हणाला. "त्या पोराला बाहेर मी काढलं होतं, खाला. तिचं नाव कसं घेऊ?"

उम्म यझन पुढे आली. "आळी तहानलेली राहील हे मला माहीत नव्हतं. काढा ते दार. पण मग भोक पुन्हा उघडंच ना?"



मुहन्नद पक्कड घेऊन वर चढला. तारा त्यानं स्वतः कापल्या, दार बाहेर ओढलं. पंप घरघरायला लागला. मग त्यानं वरूनच कचेरीला फोन लावला. "अबू दैफल्लावरची तक्रार फाडा. आणि वेल्डरला पत्रा घेऊन पाठवा. यादी गेली खड्ड्यात. आज. आत्ता."

वेल्डर येईपर्यंत तो इस्त्रीच्या शर्टात, भर उन्हात, त्या भोकाच्या काठाशी मांडी घालून, वाट अडवून बसून राहिला. खाली उम्म यझन उभी होती. तिच्याकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही.