अकरा पिवळी कार्डं

कपाटाच्या खालच्या खणातून सूनबाईने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि "बाबा, हे आईंचं काय असेल हो?" म्हणत सासऱ्यांच्या हातात दिलं, तेव्हा तिला काय कल्पना, की आपण त्यांच्या हातात निखाराच ठेवतो आहोत!

आत अकरा पिवळी कार्डं होती. तळहाताएवढी, चिकट, उडते किडे अडकावेत म्हणून झाडाला टांगायची. तीस वर्षं हीच कार्डं त्यांनी गावभर टांगली होती आणि दर सोमवारी भिंगाखाली धरून पाहिली होती... नदीच्या पुलावरच्या नाक्यावरचे तपासनीस ते. बाहेरून येणारं फळ, रोप, साधी काडीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वाढदिवसाला आलेला गुच्छही आधी झटकून बघायचे. "एकदा तरी न तपासता फूल द्या मला!" म्हणून बायको हसायची. तिला जाऊन आता सहा महिने झाले होते.

त्यांनी भिंग लावलं. तिळाएवढे, ठिपकेदार पंखांचे सात किडे! संत्र्या-लिंबाच्या झाडाचा रस शोषताना त्याच्या अंगात रोग सोडणारी ही कीड. त्या रोगावर औषध नाही, नदीपलीकडच्या बागाच्या बागा त्याने सरपणाला लावल्या होत्या... आणि आपल्या भागात ती नाही, असं ते दर महिन्याला सहीनिशी लिहून देत होते!

प्रत्येक कार्डामागे तिच्या अक्षरात तारीख होती. सगळे रविवार. शेवटच्या तिन्हींवर तारखेखाली दोन शब्द... 'आज सांगते.'

सगळं लख्ख समोर आलं. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडे तिची आई वारली. परतताना ती त्यांच्याच नाक्यावर रांगेत उभी होती, डोळे सुजलेले, छातीशी बॅग धरलेली. ती बॅग उघडायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं. "जा घरी," एवढंच म्हणाले. पुढे परसातल्या संत्र्यावर तिने नव्या फांदीचं कलम बांधलं. काडी शेजारणीकडची, म्हणाली... ती आईच्या झाडाची होती! आणि त्या फांदीवर कीड दिसली, तेव्हा नवरा झाड मुळासकट जाळणार या धास्तीने बिचारी त्यांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी, दर रविवारी, झाडावरचं कार्ड काढून कोरं टांगत राहिली.

आठवडाभर टांगलेल्या कार्डावर धूळ असते, एखादी माशी तरी असतेच. घरचं कार्ड मात्र कोरं करकरीत असायचं, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटायचा! ती गेल्यावर तर त्या झाडाखाली जायचा धीरच झाला नाही. न बघताच ते 'कीड नाही' लिहीत आले होते.

परसात गेले, तर पानं अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. कोवळ्या फुटव्यावर शेपूट वर करून तिरके बसलेले किडे... ओळीने! वारा मुलाच्या रोपवाटिकेकडे वाहत होता. मधे फक्त एक कुंपण.

मुलगा आला, पुडकं पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"जाळून टाका बाबा! कुणाला कळणार आहे?"

"कीड कुणाला विचारून पसरते का रे?"

"माझी वाटिका उखडतील ते! जन्मभर तुमचा नियमच बघत आलो आम्ही. आई तुम्हाला घाबरून गेली... घाबरून! आता मेल्यावर तिचं नाव सरकारी कागदावर चढवणार?"

सूनबाई दारातच रडू लागली. तपासनीस कुंपणापलीकडच्या रोपांकडे वळले.

"त्या फांदीचे डोळे, कोंब काढून तू कलमं बांधलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलाची मान खाली गेली. "दोनशे चाळीस."

"सगळी वाटिकेत आहेत?"

"नव्वद... विकली गेली. पार पुलाच्या वाटेवरच्या बागांपर्यंत."

वाटिका तरी डोळ्यांसमोर होती, कुंपणात होती. पण ती नव्वद? कुठल्या परसात, कुठल्या बागेत या घटकेला फुटवा धरत असतील... आणि त्यावर काय बसलं असेल!

त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि पुडकं घेऊन कार्यालयात गेले. दुसऱ्या दिवशी साहेब आणि कार्यालयाची माणसं आली. आधी फवारा मारला, कापताना एकही किडा उडू नये म्हणून. मग करवत लागली. संत्र्याचं झाड पडलं, वाटिकेतली रोपं पिशव्यांत बांधून निघाली. मुलगा भिंतीला टेकून बघत राहिला.

अंगणात बसून साहेबांनी जबाब लिहून घेतला.

"कार्डं कोणी बदलली?"

"घरच्या झाडाची तपासणी माझी होती. मी केली नाही. काडी नदीपलीकडून आली. नाक्यावर एक बॅग मी न उघडता सोडली."

"कुणाची बॅग?"

"आठवत नाही, साहेब."

तीस वर्षांत त्या तोंडून जाणूनबुजून निघालेलं हे पहिलं खोटं! साहेबांनी ओळखपत्र मागितलं. त्यांनी ते काढून दिलं, भिंगही दिलं. कामावरून घरी बसायचा हुकूम तिथेच झाला.

साहेब गेले, तसा मुलगा धावत पुढे आला.

"बाबा... आईचं नाव का नाही घेतलंत?"

"तीन रविवार ती सांगायला निघाली होती रे. मी एकदा तरी विचारलं का, काय गं, तोंड का उतरलंय?"

मुलगा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "मला वाटायचं तुम्हाला आम्ही दिसतच नाही... चुकलो बाबा, चुकलो!"

"मीही चुकलो. ऊठ आता. कलमं कुणाकुणाला दिलीस, आठवतंय का?"

"थोडं वहीत आहे, थोडं तोंडी. तुमच्याशी भांडतील लोक."

"भांडू देत."

दोघं दारोदार फिरले. कुणी शिव्या दिल्या, कुणी फाटकच उघडलं नाही. एका म्हातारीने स्वतः कलम उपटून दिलं आणि पाणी विचारलं. चार दिवसांत एकोणपन्नास कलमं सापडली.

एकेचाळीस अजून सापडायची होती.