हलक्या हाताचा डॉक्टर

माझ्या सहकाऱ्याची दाढ सुजली नसती, तर माझी आणि डॉक्टरची गाठ पडलीच नसती. त्या दिवशी नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं काम त्याचं होतं. तो गाल धरून घरी गेला आणि मॅनेजरनं चावी माझ्या हातात ठेवली. "गिऱ्हाईक डॉक्टर आहे, नीट समजावून सांग," म्हणाला.

शोरूममध्ये मी नव्या मालकांना गाडी शिकवते. चालवायला नव्हे, चालवता सगळ्यांनाच येतं, निदान तसं सगळे समजतात. गाडी स्वतःहून काय काय करते, ते मी शिकवते. वेग ठरवून दिला की ती तो धरून ठेवते. पुढचं वाहन मंदावलं की आपणही मंदावते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघत लेनमध्ये राहायला मदत करते. 'मदत' हा शब्द मी जोर देऊन म्हणते. लोक नेमका तेवढाच सोडून बाकीचं सगळं लक्षात ठेवतात.

डॉक्टर आला तो आपल्या आत्याला घेऊन. उंच, मानेत जरासा वाकलेला, स्वच्छ नखांचा.

"कसले डॉक्टर?" मी सहज विचारलं.

"दातांचा."

मला हसू फुटलं. "जरा लवकर आला असतात तर... आमचा एक माणूस आत्ताच गाल धरून घरी गेला."

"पत्ता द्या. नव्या गाडीतून पहिली फेरी त्याच्याकडेच." हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी खरंच पत्ता आठवू लागले. मग तो हसला. हसताना तो माझ्याकडे बघत होता, आणि मी का कोण जाणे, चावीकडे.

"पलीकडच्या गावीही याचा दवाखाना आहे," आत्या मागच्या सीटवर ऐसपैस बसत म्हणाल्या. "सरळसोट रस्ता, याला पेंग येते. म्हणून म्हटलं, जागी राहणारी गाडी घे."

"पेंग आली तर गाडी बाजूला लावून झोपायचं, आत्या. ही जागी असली तरी चालवायचं यांनीच."

"ऐकलंस?" आत्यांनी भाच्याच्या खांद्यावर चापट मारली. "मी हेच सांगते तर माझं ऐकत नाही."

आठवडाभरात तो परत आला. चेहरा पडलेला.

"गाडी ओरडते."

"कशी?"

"समोर दोन हातांचं चित्र येतं. स्टिअरिंग धरा म्हणते. मी धरलेलंच असतं हो! तरी टूं टूं. मग रुसून सगळं बंदच करून टाकते."

आमचा मुख्य मेकॅनिक म्हणजे पैलवान गडी. तो गाडी हायवेवर फिरवून आला. एकदाही टूं नाही. डॉक्टर गेला, चार दिवसांनी पुन्हा हजर. मेकॅनिकनं पुन्हा फेरी मारली, पुन्हा काही नाही. आत्यांना मात्र गंमत वाटत होती. त्या गाडीला 'सूनबाई' म्हणायला लागल्या होत्या. घरात कुणीतरी त्याला धाकात ठेवतंय, याचंच त्यांना समाधान. डॉक्टर गाडी परत करायच्या गोष्टी बोलू लागला, तेव्हा मॅनेजर मला म्हणाला, "तूच बस त्याच्या शेजारी. काय भानगड आहे ते बघ एकदा."

मी बसले. हायवेला लागल्यावर त्यानं वेग ठरवून दिला, लेनचं बटण दाबलं. रस्ता सरळ होता, दुपारचं ऊन बाजूच्या शेतांवर पसरलेलं. थोड्याच वेळात ते चित्र उमटलं. टूं टूं.

"बघा! धरलंय की नाही मी?"

धरलं होतं. पण कसं! बोटांच्या टोकांनी, जणू स्टिअरिंगला दुखेल. हलका हात म्हणून गावात त्याचं नाव होतं, हे मला आत्यांकडून कळलं होतं, त्यानं दात काढला तरी माणूस विचारतो, "काढला का?" आणि आमच्या पैलवानानं स्टिअरिंग धरलं म्हणजे मुसक्याच आवळल्या. त्याच्या हातात गाडी कशाला ओरडेल?

मी त्याच्या बोटांवर हात ठेवला आणि स्टिअरिंगला किंचित खाली ताण दिला. चित्र विझलं.

"हिला स्पर्श कळत नाही, डॉक्टर. हाताचा थोडा जोर लागला तरच कळतं की माणूस आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

मी हात काढून घेतला. जरा उशिरानंच काढला, हे खरं.

आता तक्रार मिटली होती, म्हणजे त्यानं यायचं काही कारण नव्हतं. तरी तो आला.

"पुढची गाडी थांबली की ही फार लांब थांबते."

"अंतर कमी-जास्त करायचं बटण आहे. पहिल्या दिवशी दाखवलं होतं."

"परत दाखवा ना."

"विसरलात?"

"नाही... पण दाखवा."

पुन्हा एक फेरी झाली. "सगळ्यात जास्त अंतर ठेवलंय तुम्ही," मी पडद्याकडे बघत म्हणाले.

"मी भित्रा माणूस आहे."

"एवढं अंतर ठेवलं की मध्ये कुणीतरी घुसतंच."

आणि घुसलाच. डावीकडून एक टेम्पो खुशाल आमच्यापुढे आला, गाडीनं आपणहून ब्रेक लावला आणि आम्ही दोघं पुढे झुकलो. तो टेम्पोकडे बघत राहिला. "कळलं," एवढंच म्हणाला. पण अंतर काही त्यानं कमी केलं नाही.

हे असं बरेच दिवस चाललं. वायपरची तक्रार, सीटची तक्रार, नसलेल्या खडखडाटाची तक्रार. शोरूममध्ये तो दिसला की सगळे मला हाक मारू लागले. मी वरवर कपाळाला आठ्या घालायचे.

त्याच सुमारास कंपनीनं मला विचारलं. दूरच्या शहरात नवं ट्रेनिंग सेंटर निघत होतं. तिथं शिकवणाऱ्यांना शिकवायचं. आठवडाभरात उत्तर हवं होतं. मला ती नोकरी हवी होती. हा माणूसही हवा होता. दोन्ही गोष्टी मी स्वतःशी कबूल करून टाकल्या होत्या. लपवण्यात मला रस नाही. अडचण एवढीच की नोकरीनं मला विचारलं होतं आणि ह्यानं नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो आला. ह्या वेळी तक्रार होती, रेडिओ लाजतो. मी शेजारी जाऊन बसले. हायवेवर भुरभुर सुरू झाली, मग सरीवर सरी. पांढऱ्या पट्ट्या पाण्याखाली दिसेनाशा झाल्या, तशी लेनची मदत बंद झाली. त्यानं वेगाचं बटणही बंद केलं आणि सावकाश चालवू लागला. त्याच्या गप्प बसण्याची मला सवय होती, पण त्या दिवशी ते सोसवेना.

"मला बदली मिळतेय," मी सांगून टाकलं. "मोठी जागा आहे. इथून खूप लांब."

वायपर दोनदा इकडून तिकडे गेला.

"छान," तो म्हणाला. "अभिनंदन."

मला राग आला. इतका, की मलाच नवल वाटलं. मी सहसा चिडत नाही. रोज माणसांच्या शेजारी बसून त्यांच्या चुका बघणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

"बस? एवढंच?"

"मग काय म्हणू?"

"काहीही! भांडा, रुसा... इतके दिवस खोट्या तक्रारी घेऊन कशाला येत होतात?"

"तुम्हाला खोट्या वाटल्या?" त्यानं विचारलं. मग मान हलवली. "खोट्याच होत्या." आवाज खाली गेला. "माझ्याकडे एक पद्धत आहे. पेशंटला मी आधीच सांगतो, दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबतो. तोंड उघडं असताना माणसाला बोलता येत नाही ना. तुम्ही जायचं म्हणालात तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा नेहमीसारखा होता. वाटलं, हिला काही दुखत नाहीये. मग मी कशाला मध्ये येऊ?"

मी हात वर केला.

त्यानं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, आणि एका बंद गॅरेजच्या पत्र्याखाली गाडी उभी केली. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता.

"कुठे?" त्यानं विचारलं. अगदी डॉक्टरी आवाजात.

"तुम्ही 'छान' म्हणालात तिथे."

"मला छान वाटलं नव्हतं. तुम्ही आवडता मला... आवडता म्हणजे, आत्या रोज विचारते, त्या मुलीशी बोललास का? आणि मी रोज म्हणतो, उद्या बोलतो. तुम्ही थांबा असं मी म्हणणार नाही. ते काम तुमचंच आहे. पण... माझ्याशी लग्न कराल?"

एका दमात त्याचं एवढं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. काचा आतून धुरकटल्या होत्या. माझं हृदय पत्र्याच्या वरताण वाजत होतं, आणि ते त्याला ऐकू जात असेल तर जाऊ दे, असं मला वाटलं.

"नोकरीला मी उद्या होकार कळवणार आहे," मी म्हणाले.

"कळवा." तो म्हणाला.

"आणि तुम्हाला आत्ताच कळवतेय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. समजायला त्याला वेळ लागला; मी घाई केली नाही. मग हसू त्याच्या डोळ्यांपासून सुरू झालं ते थांबेचना. तो धुरकट काचेवर बोटानं रेघा ओढत काहीतरी हिशेब करत राहिला.

"दवाखाना काय, कुठेही काढता येतो," तो स्वतःशीच म्हणाला. "आत्यालाही बदल हवाच आहे." मग एकदम काळजीत पडून माझ्याकडे वळला. "तिथली माणसं गोड खातात ना पण?"

"खूप," मी ठोकून दिलं. त्या शहराबद्दल मला अजून काहीच माहीत नव्हतं.